सोट्याला सुट्टी

डिसेंबर उजाडला की शाळांची गॅदरिंगं सुरू होतात, आणि अजूनही आठवड्याला दोन-तीन बाया माझ्या दुकानात डोकावतात. ब्लाऊज शिवायला नाही, फॉल-पिकोलाही नाही. "इथं ते हत्यारवाले मामा होते ना?" एवढंच विचारायला. मी मशीनवरची मान न उचलता सांगते, "होते." मग त्या शेजारच्या गाळ्याकडे बघतात, तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात, आणि पोराला ओढत पुढे जातात. तेच ते उत्तर देऊन माझा जीव कंटाळलाय. एकदा काय ते लिहून टाकावं आणि सुटावं, म्हणून बसलेय.

नाशिकला सिडकोत आमची सात गाळ्यांची ओळ आहे. तिसरा माझा, चौथा शिरसाठमामांचा. मधली भिंत इतकी पातळ, की मामांनी पलीकडे खिळा ठोकला की माझं कॅलेंडर खाली. पाटी होती 'वेशभूषा भाड्याने मिळेल', पण वेशभूषेत मामांचा जीव नव्हता. मावळे, राणी, कृष्ण, पोलीस, भाजीवाली आणि अलीकडे ते टीव्हीवरचे उडणारे-बिडणारे हिरो, सगळ्यांचे कपडे मी शिवायचे. मामा त्याला 'गाठोडं' म्हणायचे. "वैशाली, गाठोडं झालं का गं?" मी पाठ मोडून जरी लावावी, टिकल्या चिकटवाव्यात, आणि ह्यांनी त्याला गाठोडं म्हणावं! डोकं फिरायचं माझं.

त्यांचा सगळा जीव हत्यारांत. आधी ते सातपूरच्या एका कारखान्यात रंगकामाला होते. कारखान्यातले लोक नाटकं बसवायचे, त्यांच्या तलवारी, ढाली, भाले हेच करायचे. रिटायर झाल्यावर तेवढंच धरून बसले. प्लायवूड, पत्रा, पीव्हीसी पाइप, सायकलचे छर्रे, काय हाताला लागेल त्याची हत्यारं. आणि गदेत, परशूत, सगळ्यात गोदावरीची वाळू भरायची. आया कुरकुरायच्या, "अहो मामा, पोराला जड होईल." मामा म्हणायचे, "होऊ द्या. हलकं हत्यार पोरगं नुसतं हवेत फिरवतं. जड असलं की आधी सरळ उभं राहतं." हे मात्र खरं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय.

नवीन हत्यार तयार झालं की ते 'बसवायचे'. म्हणजे दुकानाबाहेर एक लोखंडी स्टूल होतं, त्याला हत्यार टेकवून ठेवायचं. पाटी नाही, किंमत नाही, शेजारी कपडे नाहीत. स्वतः आत पेपर उघडून बसायचे, पण पेपरच्या वरून डोळे बाहेर. कशाला? तर म्हणे, "हात जातो का बघायचं." येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात आपण होऊन त्या हत्याराकडे गेला, तर ते पास. संध्याकाळपर्यंत कुणाचाच गेला नाही, तर "मुकं आहे" म्हणून मोडून टाकायचे. चांगली घडीव तलवार मोडताना बघून मला हळहळ वाटायची. "अहो, राहू द्या की, कुणीतरी नेईल." "नेईल गं. पण ते हत्यार नाही, लाकूड आहे."

हात मात्र जायचे हो. गॅसवाला एकदा भरलेलं सिलिंडर खांद्यावरून उतरवून भर रस्त्यात तलवारीचे दोन हात करून गेला. एका शाळेच्या मोठ्या बाई कपडे मळके आले म्हणून भांडायला आल्या, आणि भांडता भांडता त्यांनी गदा उचलून खांद्यावर घेतली ती खाली ठेवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. मामांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता, म्हणजे आत हसू चाललं होतं. कुणीतरी 'गल्लीत तलवारींचा साठा आहे' अशी तक्रार केली, तेव्हा दोन हवालदार चौकशीला आले. त्यातला एक दांडपट्टा उचलून आरशासमोर उभा राहिला, आणि दुसऱ्याला म्हणाला, "फोटो काढ रे एक." झाली चौकशी.

मामांचा तोंडाचा पट्टा वेगळाच. एका बाईंचं पोरगं स्टेजवर गेलं आणि एक अक्षर न बोलता उतरलं. बाई तणतणत आल्या, "तुमची तलवार घेतली, काय उपयोग झाला?" मामा शांतपणे म्हणाले, "तलवार दिली ताई. तोंड नव्हतं दिलं." मला वाटलं, आता गिऱ्हाईक तुटलं. पण मामांनी पोराला जवळ घेऊन विचारलं, "तलवार हातातून पडली का रे?" पोरानं मानेनंच नाही म्हटलं. "मग झालं तर. बोलायचं काय, पुढच्या वर्षी बोल." पुढच्या वर्षी ते पोरगं स्वतःहून आलं.

दुकानामागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिथं कुसुममामी. निफाडकडच्या, ठेंगण्या, रंगानं सावळ्या, आणि बोलायला लागल्या की मामांची हत्यारं म्यान. दोघांचं सगळं आयुष्य एकमेकांना टोमणे मारण्यात गेलं. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं, रेडिओची गरजच नव्हती.

एकदा तीन पोरं काउंटरवर कडाकडा भांडत होती. टीव्हीवर कुठलासा नवा हिरो आला होता, त्याच्याकडे मंतरलेला सोटा. हिरो बेशुद्ध पडला तरी सोटा एकटाच उठतो आणि वीस जणांना लोळवतो. एक पोरगं म्हणत होतं, सोट्याची पॉवर हिरोपेक्षा जास्त. दुसरं म्हणत होतं, छट्, हिरोच नसला तर सोटा काय करणार. मोठ्या माणसानं हसून सोडून द्यावं की नाही? मामांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि कोर्टात बसल्यासारखा निकाल दिला.

"हिरो पडला तरी सोटा उभा राहतो, म्हणजे खरा सोटाच. हिरो काय, कुणीपण चालतो."

आतून मामींचा आवाज आला. "तर तर! मग त्या सोट्यालाच सांगा गिरणीतून दळण आणायला. मला नाय आता जमत."

पोरं हसली, मामाही हसले. पण मामींना खरंच जमत नव्हतं तेव्हा. त्याच पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज चालल्या तर चालतील, पडून राहिल्या तर पडूनच राहतील. वॉकर आणला. मामींनी त्यावर टॉवेल वाळत घातले. काठी आणली, ती पलंगाखाली गेली. "काठी धरली की माणूस म्हातारं झालं. मी नाय धरणार." मामांनी समजावलं, रागावले, मुलीला मनमाडहून बोलावलं. मामी ढिम्म.

दिवाळीनंतर एके दुपारी मामा माझ्या दुकानात येऊन कपड्यांच्या ढिगाशेजारी बसले. एरवी ते कधी बसत नसत. "वैशाली," म्हणाले, "ही झोपून राहिली तर जाईल गं. मग मी काय करू?" मी मशीन थांबवलं. मलाही रडूच आलं, पण मी रागावल्याचं नाटक केलं. म्हटलं, "मला काय विचारता, मी डॉक्टर आहे का?" त्यावर ते म्हणाले, "तू माप घे फक्त."

सोट्याचं माप. हात सरळ खाली सोडला की मनगट जिथं येतं, तिथंपर्यंत जमिनीपासून. ते मामींना न कळता घ्यायचं. मी टेप घेऊन गेले, म्हटलं, नवा गाऊन शिवते. त्यांना कॉटला धरून उभं केलं, खांदा मोजला, लांबी मोजली आणि खाली वाकून जमिनीपासून मनगट. मामी म्हणाल्या, "काय गं, गाऊनला मनगट कधीपासून लागतं?" मी म्हटलं, "नवी फॅशन आहे." "लबाड," म्हणाल्या, पण हात हलवला नाही.

मामांनी सागाचा दांडा घेतला, घासून घासून काचेसारखा केला. माथ्यावर तळहातात बसेल अशी गोल मूठ, तिच्यात सोड्याच्या बाटलीतली निळी गोटी बसवली. मुठीखाली माझ्याकडचं काळं रेक्झिन, ते मी हातानं शिवून दिलं. दांड्याला सोनेरी पट्टे. त्या टीव्हीवरच्या हिरोनं बघितला असता तर स्वतःचा टाकून हा उचलला असता. आणि मामींना एका शब्दानं न सांगता तो बाहेर स्टुलाला टेकवून ठेवला. बसवला.

पोरांचे हात लगेच गेले. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. आतून मामींना ऐकू जात होतं, पण त्या हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन पोरं सोट्यासाठी एकमेकांना ओढायला लागली, आणि मामी भिंत धरत धरत दारात आल्या. "अय, पाडाल ना रे तो! आणा इकडं!" पोरांच्या हातून सोटा हिसकावला. आता तो हातात, पोरं समोर, आणि पुन्हा हिसकावतील म्हणून मामींनी तो जमिनीवर टेकवून घट्ट धरला. धरल्यावर सरळ झाल्या. दोन पावलं पुढं आल्या. मग चार. मग कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाऊन आल्या, पोरं मागे मागे. मी सुई कापडात तशीच ठेवून बघत होते. मामा आत पेपर धरून बसले होते, आणि पेपर हलत होता. ह्या वेळी आत हसू नव्हतं.

परत आल्यावर मामी माझ्यावरच उखडल्या. "इंचभर कमी पडतोय! अनवाणी मोजलंस ना? मी चपला काढून फिरते का कधी?" खरं होतं. टेलरिंगमध्ये आम्ही चपला काढूनच माप घेतो, सवयीनं तसंच घेतलं. मामांनी पंपाला लावतात तसला जाड रबरी बुश खाली ठोकला. माप बसलं.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मामी रोज चालल्या. कुणी 'काठी' म्हटलं तर तिथंच थांबायच्या. "काठी नाय. हत्यार हाय." स्कूटरवाला जोरात आला की सोटा दोनदा रस्त्यावर आपटायचा, स्कूटर हळू. मामा दारात उभे राहून मला सांगायचे, "बघ, सोटा चालतोय, ही नुसती मागं मागं जातीय." मामी पन्नास पावलांवरून ओरडायच्या, "मग उद्या त्याला एकट्यालाच पाठवा!"

आता पुढचं सांगायचा मला कंटाळा येतो. कंटाळा नाही, भीतीच वाटते. पण सांगते.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचं अवजार, गाडीवाल्याची गाडी, माझी कात्री आणि मशीन. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला विश्रांती. मामा ह्या बाबतीत फार काटेकोर. लोक हसायचे, खोट्या तलवारींना कसली पूजा. मामा घरातल्या खोलीत पाटावर लाल कापड घालून सगळी हत्यारं मांडायचे, झेंडूचे हार घालायचे आणि माझी मोठी कात्रीही मागून न्यायचे. पहिल्या वर्षी मामींचा सोटा मांडायचा राहून गेला होता. दुसऱ्या वर्षी मामांच्या लक्षात आलं.

"सगळ्यांत कामाचं हत्यार तर हेच. ते वगळून कसं चालेल?"

मामी म्हणाल्या, "मग माझे पायपण ठेवा पाटावर."

हसलो आम्ही सगळे. मामींनी आपण होऊन सोटा काढून दिला. "एक दिवस बसेन खुर्चीत, काय बिघडतंय." सोट्याला हार मी घातला. ह्याच हातांनी. निळ्या गोटीभोवती दोन फुलं जास्त लावली, छान दिसत होता.

दुपारी नैवेद्याचं दूध उतू चाललं. मामा दुकानात होते. मामी खुर्चीतून उठल्या आणि गॅसकडे निघाल्या. दवाखान्यात त्यांनी मला नंतर सांगितलं, "सवयीनं बाजूला हात गेला गं. आणि तिथं काय नव्हतं."

दुसरा खुबा. ह्या वेळी ऑपरेशन झालं तरी उठणं झालं नाही. छातीत कफ झाला. मामा कॉटशेजारी बसून असायचे. मामीच त्यांना हसवायला बघायच्या. नर्सला सांगायच्या, "ह्यांनी सोट्याला सुट्टी दिली, म्हणून मला इथं यायला लागलं." बोलायच्या हसून, पण मामांचा चेहरा बघवत नव्हता. दिवाळी होऊन काही दिवसांनी मामी गेल्या.

दुकान उघडलंच नाही. मी चहा घेऊन आत जायचे, तर पाट तसाच मांडलेला. झेंडू वाळून काळा पडला होता, आणि सोटा हारासकट तसाच. मी म्हटलं, "मामा, उचलू का हे?" ते पाटासमोर खाली बसले.

"पोरांना मी काय सांगायचो गं? हिरो पडला तरी सोटा लढतो." मग म्हणाले, "सहा फुटांवर होता. हार घालून बसला होता. हललासुद्धा नाही. आयुष्यभर थापा मारल्या मी. हत्यार एकटं काही नसतं. लाकूड असतं."

मी म्हटलं, "चूक तुमची एकट्याची नाही, हार मी घातला होता." त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. मला त्यांचा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. पाटावर ठेवायलाच कशाला पाहिजे होता तो? आणि लगेच स्वतःचाही राग यायचा, की मला तरी कुठं सुचलं, मामी दिवसभर उठणारच नाहीत का? तिघांनाही सुचलं नाही. सगळे हसण्यात.

महिना-दीड महिन्यानं मुलगी त्यांना मनमाडला न्यायला आली. तलवारी, गदा एका शाळेनं नेल्या. कपडे मी घेतले. ज्या दिवशी दुपारी निघायचं, त्या सकाळी मामांनी उरलेला कचरा बाहेर आणून ठेवला, आणि सोटाही. मी म्हटलं, "तो मला द्या." "नको. कुणालाच नको. घंटागाडीत जाऊ दे." आवाज असा, की मी हात मागे घेतला. पण एक मी बघितलं. टाकायला आणलेला सोटा त्यांनी कचऱ्याच्या ढिगावर नाही ठेवला. स्टुलाला टेकवून ठेवला. सवय, दुसरं काय.

त्या दिवसानंतर मामा मला भेटले नाहीत. मुलगी फोनवर सांगते, बरे आहेत, बोलत नाहीत फारसं. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते त्या सकाळचे मामा.

घंटागाडी गाणं वाजवत आली. गाडीवरची बाई नवीन होती, उंच, पन्नाशीची, एका पायावर जोर देऊन चालणारी. तिनं पिशव्या उचलून गाडीत फेकल्या, ओला कुठला, सुका कुठला म्हणून माझ्यावर खेकसली. मग स्टुलाकडे वळली. मामा दारात उभे होते, तोंड दुसरीकडे करून.

बाईनं सोटा उचलला आणि फेकला नाही. आधी नुसता तोलून बघितला. मग मुठीवर तळहात ठेवला, दांडा रस्त्यावर टेकवला आणि त्यावर भार दिला. तिची पाठ सरळ झाली. तिनं दोनदा सोटा रस्त्यावर आपटला, अगदी मामींसारखा, आणि पुढं निघालेल्या ड्रायव्हरला ओरडली, "ए, थांब की रे जरा!" मग मला म्हणाली, "ताई, हा टाकायचा हाय? लय भारी हाय की हो. माझा गुडघा गेलाय, मी नेऊ का?"

मी मामांकडे बघितलं. ते आता सोट्याकडे बघत होते. सोट्याकडे नाही, बाईच्या मनगटाकडे.

"हात गेला गं," ते माझ्याशी बोलल्यासारखं पुटपुटले. मग त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. "न्या! पण थांबा. तुम्ही उंच आहात. इंचभर कमी पडतोय."

आणि आत पळाले. पळाले म्हणजे खरोखर, सत्तरी उलटलेला माणूस. आत डबे पडल्याचा आवाज आला. तेवढ्यात मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला, घंटागाडी पुढं सरकली, बाई सोटा टेकत टेकत तिच्यामागून. मामा बाहेर आले ते एका हातात आणखी एक रबरी बुश, एका हातात हातोडी, आणि तसेच रस्त्यानं तिच्यामागं, "ओ बाई! ओ घंटागाडी!" म्हणत.

गिरणीच्या कोपऱ्यावर त्यांनी तिला गाठलं. मी दुकान तसंच टाकून मागं गेले. मामा भर रस्त्यात खाली बसले होते, धापा टाकत. बाई संकोचून चपला काढायला लागली, तर त्यांनी हात आडवा केला.

"काढू नका," म्हणाले. "चपलेसकट माप घ्यायचं असतं."

आणि बुश ठोकायला लागले.